केसपेपर

आमच्या घरात मांजराला पिल्ली म्हणतात, तेलुगूत.
तुमच्यात पिल्लू म्हणजे कुणाचंही लेकरू.
त्या रात्री मला दोन्हीतला फरक सांगता आला नसता.

शेजारच्या कारखान्यात मागाच्या पट्ट्यात
पाय सापडला होता तिचा.
जॉबर म्हणाला, फेक की बे बाहेर, टॉवेलला रक्त लागंल.
मी सुपातली पानं फरशीवर उपडी केली,
उद्याची, भिजवून ठेवलेली,
आणि सुपात तिला घेतलं.
दोन कट्टे विड्यांएवढी होती सगळी मिळून.

दस्तगीरनं रिक्षा काढली.
भाडं राहू दे आपा, म्हणाला,
पण सीटवर नको, मांडीवर घे.

सात रस्त्याच्या दवाखान्यात एसी होता.
एका पांढऱ्या कुत्र्याच्या केसांना रबरबँड.
तो भुंकला नाही,
माझ्या लुगड्याला तंबाखूचा वास येतो तेवढा घेतला त्यानं.
काउंटरवरची पोरगी चांगली होती.
खरंच चांगली होती, हे सांगायला पाहिजे.
हळू आवाजात बोलली:
रात्रीची फी सातशे, एक्सरे आठशे,
ऑपरेशन लागलं तर डिपॉझिट पाच हजार.

मला हिशेब एकच येतो.
छाट वजा जाता हजार विड्यांना हातात पडतात दोनशे.
फी म्हणजे साडेतीन हजार विड्या.
एक्सरे, चार हजार.
डिपॉझिट, पंचवीस हजार.
हप्त्यानं घ्याल का, विचारलं.
आपल्या सोलापुरात चादरसुद्धा हप्त्यानं मिळते की हो.
तिनं आत जाऊन विचारलं. बाहेर आली ती
कापूस आणि पट्टी घेऊन,
माझ्याकडे न बघता.

सरकारी दवाखाना सकाळी आठला.
फाटकावरचा म्हणाला, इथं म्हशी येतात बाई,
मांजर कोण आणतं?
बिडी पेटवली. दोन झुरके मारले.
मग म्हणाला, निंबर्गी मामा बघ,
इथंच होते, रिटायर झाले,
जोडभावी पेठेत राहतात. त्यांना झोप येत नाही.

मामा उघड्या अंगानं आले, गळ्यात लिंग,
कन्नडमध्ये कुणाला तरी शिव्या देत,
बहुतेक चष्म्याला.
तीस वर्षं गाईंच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेला माणूस.
पिल्लीचा पाय त्यांच्या अंगठ्यापेक्षा बारीक.
घरातली जुनी कांडी त्यांनी उभी चिरली,
आत कापूस भरला, पाय बसवला,
आणि म्हणाले,
गाठ तू मार. माझी बोटं जाड आहेत.

बावीस वर्षं रोज आठशे गाठी मारते मी.
डोळे मिटून मारते. टीव्ही बघत मारते.
ती एक गाठ
तीनदा सुटली.

पन्नास रुपये दिले. घेतले त्यांनी,
खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात टाकले.
बरं वाटलं, घेतले म्हणून.

सकाळी खिडकीवर:
जनावर?
पिल्ली.
पिल्लू? कशाचं?
मांजराचं.
मालक?
मी म्हटलं, मालक विडी कंपनीचे, ते कशाला येतील?
अहो बाई, तुमचं नाव सांगा.
राजमणी अंबादास मेरगू.
त्यानं मेरगु लिहिलं, ऱ्हस्व.
मालक या शब्दापुढे.
दहा रुपये घेतले.

डॉक्टर म्हणाले, पाय राहील किंवा जाईल,
आत्ताच सांगता येत नाही, शुक्रवारी आणा.
इंजेक्शन टोचलं तेव्हा
तिनं माझं बोट चावलं. करंगळीच.
विडीचं तोंड दुमडायला ती लागत नाही फारशी.

घरी आले तर पानं वाळून पापड झालेली,
हात लावला की तुटत होती.
त्या दिवशी कार्डावर काहीच नाही भरलं.

दुसऱ्या दिवशी नवी पानं भिजवली.
कातरली.
सूप मोकळं नव्हतं,
परात घेतली.